वर टांगलेला टप

वर्षातून दोनदा मी माझ्या पिकअपचं डोकं बदलतो. एप्रिल संपत आला की मागच्या हौद्यावरचा फायबरग्लासचा उंच टप उतरवायचा आणि त्याजागी गुंडाळता येणारं काळं कव्हर बसवायचं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, बर्फ पडायच्या आधी, हेच उलट. मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावात असं करणारा मी एकटाच नाही, पण बहुतेक लोक एकच काहीतरी बसवतात आणि वर्षभर त्यावर भागवतात. मला ते जमत नाही. दोन्ही ऋतूंत गाडीकडून मला वेगवेगळी कामं हवी असतात.

गाडी फोर्डची एफ-१५०, साडेपाच फुटी हौद्याची. ती बनते तो डिअरबॉर्नचा कारखाना आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे. एफ मालिका १९७७ पासून अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारा पिकअप आहे, त्यामुळे आमच्या गल्लीत कुणाला तिचं अप्रूप नाही. मी २०१६ मध्ये ती घेतली तेव्हा अप्रूप वाटलं ते सांगलीकडच्या माझ्या घरी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनवर पहिला प्रश्न विचारला, “मागं काय न्यायचं असतंय रे तुला?”

प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर ऋतूप्रमाणे बदलतं. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ पडतं. डेट्रॉईट शहराच्या पोटातच, सुमारे १२०० फुटांखाली, मिठाची खाण आहे. वर रस्त्यांवर मीठ आणि खाली जमिनीतही मीठ. २०१५ च्या मॉडेलपासून या गाडीची बॉडी ॲल्युमिनियमची झाली, तरी खालची चौकट पोलादीच आहे, आणि हौद्यात ठेवलेल्या पान्यांपासून खोक्यांपर्यंत सगळ्याला ते खारं पाणी लागतं. उंच टप असला की हौदा ही एक कोरडी खोली होते. मुलीचं स्कीइंगचं सामान, दिवाळीच्या कार्यक्रमाची भांडी, रंगमंचाचे पडदे, सगळं त्यात सुखरूप जातं. व्हिनाइलचं गुंडाळायचं कव्हर मात्र कडाक्याच्या थंडीत आखडतं. कडेच्या वेल्क्रोपर्यंत ते पोचत नाही, ओढून बसवायला गेलं तर बोटं बधिर होतात, आणि वर सपाट बर्फ साचतो तो वेगळाच.

उन्हाळ्यात हे सगळं उलटं होतं. बागेच्या वाफ्यांत पसरायचा लाकडाचा चुरा, ज्याला इथे मल्च म्हणतात, तो दुकानातला लोडर वरून बादलीने हौद्यात ओततो. टप असेल तर ओतणार कुठे? प्लायवूडच्या फळ्या, फ्रीज, झाडाची रोपं, सगळ्याला वर मोकळं आकाश लागतं. आणि सप्टेंबरमध्ये मंडळाचा गणपती याच हौद्यात बसून हॉलपर्यंत जातो. तेव्हा टपाखालून मूर्ती वाकवून आत सरकवायची, हे मला सहन झालं नसतं.

पहिली तीन वर्षं टप उतरवायला मी मित्रांना बोलवायचो. टपाचं वजन साधारण ८० किलो. आकडा ऐकायला फार नाही. चौघांत वाटला तर माणशी २० किलो, म्हणजे विमानातली एक बॅग. पण बॅगेला मूठ असते आणि ती माणूस कमरेजवळ धरतो. टप छातीच्या उंचीवर असतो, धरायला फक्त गुळगुळीत कड, आणि तो हौद्याच्या कठड्यांवरून सरळ वर उचलून, मग चौघांनी एकदम मागे चालत जाऊन, अंगणातल्या दोन लाकडी घोड्यांवर ठेवायचा. चौघांची उंची सारखी नसते. पाऊलही सारखं पडत नाही. मागच्या बाजूला काचेचं दार असल्यामुळे मागच्या दोघांवर पुढच्यांपेक्षा कितीतरी जास्त भार येतो, हे तेव्हा मी मोजलंही नव्हतं.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये टप चढवताना मागच्या डाव्या कोपऱ्यावरच्या मित्राचा पाय ओल्या पानांवरून सरकला. त्याने टप सोडला नाही. सोडला असता तर बरं झालं असतं. त्याचा खांदा निखळला नाही, पण आतला स्नायू फाटला, आणि पुढचे कितीतरी महिने तो हात वर करून शर्ट घालू शकत नव्हता. मला तो एका शब्दानेही बोलला नाही. फिजिओथेरपीला त्याला गाडीने नेऊन आणायचं मी ठरवलं, तेही त्याने चारच वेळा करू दिलं. माझ्या गाडीचं झाकण बदलण्यासाठी एका माणसाचा खांदा गेला, ही गोष्ट मला आजही तशीच टोचते. पुढच्या एप्रिलमध्ये मी कुणालाच फोन केला नाही. टप गाडीवरच राहिला.

त्याच मे महिन्यात आई आणि अण्णा सहा महिन्यांसाठी आले.

अण्णा आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात ३१ वर्षं फिटर होते. ज्याला कारखान्याचं गाव माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको, पण ज्याला नाही त्याच्यासाठी सांगतो. तिथलं वर्ष दोनच भागांत असतं, सीझन आणि ऑफ-सीझन. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटतो, मोळी टाकली जाते, आणि मग उन्हाळा लागेपर्यंत मिल रात्रंदिवस फिरते. ती थांबली की फिटरचं खरं काम सुरू. सगळी मिल उघडायची, कित्येक टनांचे रोलर बाहेर काढायचे, त्यांच्या झिजलेल्या खाचा पुन्हा पाडायच्या, बेअरिंगची पितळं बदलायची, आणि पुढच्या दसऱ्याच्या आत सगळं होतं तसं जागेवर. मोठी वजनं क्रेनने, लहान चेनपुलीने. माझं बालपण या उघड-मीटच्या तालावर गेलं, पण मी कधी मिल-हाउसमध्ये त्यांचं काम बघत उभा राहिलो नव्हतो. मुलांना आत सोडत नसत.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीला एक फेरी मारली. मागचं दार उघडून वाकून आत बघितलं.

“हौदा चांगला हाय,” ते म्हणाले. “फाळका हलका केलाय. आन् ह्यो टप कशाला अजून वर?”

हौदा, फाळका, टप. तीन वर्षं मी ही गाडी चालवत होतो आणि तिच्या प्रत्येक भागाला माझ्याकडे फक्त इंग्रजी नाव होतं. अण्णांनी अमेरिकन पिकअप पहिल्यांदाच जवळून बघितला होता, तरी त्यांच्याकडे सगळी नावं तयार होती, ऊस वाहणाऱ्या ट्रकवरून आणि वडापच्या जीपवरून आलेली. गुंडाळायच्या कव्हरला इथे टोनो कव्हर म्हणतात. तो शब्द फ्रेंच, मूळ अर्थ पिंप. जुन्या मोटारींच्या मागच्या गोलसर बैठकीला त्यावरून नाव पडलं आणि तिच्यावरच्या झाकणाकडे ते सरकलं. अण्णांनी ते बघितलं आणि म्हणाले, “ही ताडपत्री.” तेव्हापासून आमच्या घरात ती ताडपत्रीच आहे.

मी त्यांना खांद्याची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “माणसानं कशाला उचलायचं ते? वर घे की.”

वर घ्यायचा विचार मीही केला होता. गॅरेजच्या छताला लावायचा दोर-कप्प्यांचा एक तयार संच आणूनही ठेवला होता, मुळात सायकली आणि कयाक टांगण्यासाठीचा. अण्णांनी खोका उघडून त्यातले स्क्रू तळहातावर घेतले, वजन केल्यासारखे हलवले, आणि परत खोक्यात ठेवले. “आधी वर काय हाय ते बघू.”

गॅरेजवरच्या पोटमाळ्याचं झाकण मी त्या घरात पाच वर्षांत दोनदाच उघडलं असेन. आम्ही दोघं टॉर्च घेऊन चढलो. मला वाटत होतं वर तुळया असतील. तुळया नव्हत्या. छपराच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे होते, दर २४ इंचांवर एक कैची, बारीक लाकडाच्या, सांध्यांवर दातेरी पत्रे ठोकलेल्या. अण्णांनी एका कैचीच्या खालच्या आडव्या फळीवर बोटांनी ठोकलं. “आपल्या गोठ्याच्या कैच्या याच्यापेक्षा दणकट हायत.”

मंडळातली आमची एक मैत्रीण स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. तिला बोलावलं. तिने सांगितलं ते असं: ही खालची फळी मुख्यतः कैचीचे दोन पाय फाकू नयेत म्हणून ताण धरून असते, आणि तिच्यावर सहसा जिप्समच्या छताच्या वजनाइतकाच हिशेब धरलेला असतो. तिच्या मध्यावर एक आयबोल्ट, म्हणजे डोक्याला कडी असलेला बोल्ट, फिरवून ८० किलो लटकवायचे नाहीत. तिला भोक तर अजिबात पाडायचं नाही. वजन पाच-सहा कैच्यांवर वाटा, आणि शक्य तितकं भिंतीकडे न्या.

अण्णा तिच्याकडे बघत होते. बोलणं सगळं मराठीतच चाललं होतं, मधेमधे इंग्रजी आकडे. शेवटी ते म्हणाले, “पोरगी बरोबर सांगतीया. पण वळण कुठं येणार?”

मला प्रश्नच कळला नाही. तिला कळला. तिने पाठकोऱ्या कागदावर चित्र काढलं आणि मग मलाही दिसलं. मी मनात धरून चाललो होतो की ८० किलोचा टप चार दोरांवर टांगला म्हणजे छतावर चार जागी वीस-वीस किलो, आणि काम संपलं. पण ते चारही दोर कोपऱ्यांतल्या कप्प्यांवरून आडवे होऊन एका ठिकाणी एकत्र येणार, आणि तिथून काटकोनात खाली वळून भिंतीवरच्या विंचला, म्हणजे हँडल फिरवून दोर गुंडाळायच्या यंत्राला, जाणार. त्या एका वळणावर चारही दोर आडवे ८० किलोंनी ओढतात आणि खालीही ८० किलोंनी. दोन्ही मिळून तिरका जोर होतो ११३ किलो. म्हणजे टपाच्या अख्ख्या वजनापेक्षा जास्त, आणि तोही एका बोल्टवर, टप जिथे टांगलाय तिथे नाहीच, तर भलतीकडे कोपऱ्यात. मी इंजिनिअरिंग शिकलोय. बलांचा समांतरभुज चौकोन मी परीक्षेत काढलाय. अण्णा दहावीनंतर आयटीआय झाले. चौकोनाचं नाव त्यांना आठवलं नसतं, पण भार कुठे जाऊन बसतो हे त्यांना चित्र काढायच्या आधी ठाऊक होतं.

“वळण भिंतीवर आण,” ते म्हणाले. “भिंत जमिनीवर उभी हाय.”

त्याप्रमाणे केलं. पोटमाळ्यात सहा कैच्यांवर आडव्या दोन जाड फळ्या, कडेवर उभ्या, आणि त्यांतून खाली उतरणारे आयबोल्ट, वरून रुंद पोलादी पट्ट्यांनी धरलेले. कैचीला एकही भोक नाही. चार खाचांची मोठी कप्पी बरोबर बाजूच्या भिंतीच्या डोक्यावर. विंच त्याच भिंतीत, आतल्या उभ्या लाकडाला. गाडी उलटी आत घ्यायची म्हणजे हौदा गॅरेजच्या मागच्या टोकाला येतो. पुढच्या बाजूला उघडलेलं गॅरेजचं दार रुळांवरून छताखाली येऊन थांबतं, त्याला टप आडवा येता कामा नये. आमचं छत १० फूट उंच आहे म्हणून हे बसलं. सात-आठ फुटी छताखाली हा खटाटोप करू नये.

विंचवरून एकदा आमचा वाद झाला. मी बोटीच्या ट्रेलरवर असतो तसला आणला होता, दातेरी चाक आणि त्यात अडकणारी खिटी. स्वस्त होता, मजबूतही होता. अण्णांनी तो टेबलाला आवळला, त्याला पाण्याची बादली बांधली, चार फेरे गुंडाळले, आणि खिटी काढून हँडल सोडलं. बादली धाडकन खाली आली. हँडल कसं फिरलं ते डोळ्यांना दिसलंही नाही, फक्त आवाज आला.

“उतरवताना खिटी काढावी लागती का न्हाई? मग हात सुटला की संपलं. हात सोडला तर जाग्यावर थांबलं पाहिजे.”

आम्ही तो परत करून वर्म गिअरचा आणला. त्यात मळसूत्रासारखा दांडा चाकाला फिरवतो. चाक उलट दांड्याला फिरवू शकत नाही. हळू चालतो, फार हळू. पण हँडल मध्येच सोडून चहाला गेलं तरी टप तिथेच असतो.

पहिल्यांदा उचलायचा दिवस जूनमधला रविवार होता. टपाचे सहाही क्लॅम्प सोडले; दोघांचे बोल्ट मिठाने धरले होते, तेल सोडून रात्रभर ठेवावे लागले. टपाच्या आत पुढे एक आणि मागे एक अशा दोन लाकडी पट्ट्या आडव्या सरकवल्या, कडेखालून दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या, आणि त्यांच्या टोकांना दोर. आईला आणि मुलीला दाराबाहेर उभं केलं. अण्णांनी मला विंचवर ठेवलं आणि स्वतः गाडीच्या मागे असे उभे राहिले की त्यांना चारही कोपरे दिसतील, पण त्यांच्या डोक्यावर काहीच नसेल.

“आवाज एकाचाच,” ते म्हणाले. “माझा. मी सांगितल्याबिगर फेरा न्हाई. दुसऱ्या कुणी ‘थांब’ म्हटलं तर मात्र थांबायचं. ‘थांब’ कुणीबी म्हणू शकतंय.”

मग त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, “हाबेस.”

हा शब्द मी लहानपणी कारखान्याच्या भिंतीपलीकडून ऐकला होता, अर्थ न कळता. हाबेस म्हणजे उचल, आरिया म्हणजे उतरव. भारतभर क्रेनखाली उभे राहणारे लोक हे शब्द वापरतात, मग त्यांची घरची भाषा काहीही असो. ते जहाजांवरून, गोदीतून आले. ‘आरिया’च्या मुळाशी पोर्तुगीजांचा शीड उतरवायचा शब्द आहे. वजन उचलणाऱ्याला आपल्याकडे खलाशीच म्हणतात, जवळपास समुद्र नसला तरी. गोव्या-मुंबईच्या किनाऱ्यावरून सांगलीच्या उसात आणि तिथून मिशिगनच्या एका गॅरेजात तो शब्द आला, आणि माझ्या हातातलं हँडल फिरलं.

“चार बोटं उचल आन् थांब.”

चार बोटं उचलून थांबलो. टप मागे झुकला होता, काचेच्या दाराच्या वजनाने. आणि पुढच्या कोपऱ्यात एक वायर ताणलेली दिसली. टपाच्या मागच्या वरच्या ब्रेकलाइटची वायर, जी हौद्याच्या कोपऱ्यात प्लगने जोडलेली असते. ती मी काढायला विसरलो होतो. आणखी चार बोटं गेलो असतो तर ती मुळासकट उपटली असती. अण्णा काही बोलले नाहीत. मला रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त वायरीकडे बोट केलं, मी जाऊन प्लग काढला, टप परत खाली घेतला, मागची पट्टी वीतभर मागे सरकवली, आणि पुन्हा चार बोटं. यावेळी टप पाण्यावर ठेवल्यासारखा सपाट उठला.

थांबल्यावर त्यांनी आईला चहा टाकायला सांगितलं. टप चार बोटं अधांतरी, आणि आम्ही गॅरेजच्या दारात बसून चहा प्यायलो. भार धरलेल्या दोराला थोडा वेळ द्यायचा असतो, म्हणाले. ज्याला सरकायचंय, वाकायचंय, कुरकुरायचंय त्याने ते इथे चार बोटांवर करावं, सात फुटांवर नको. आम्ही कान देऊन बसलो होतो. कैच्यांनी एकदा बारीक आवाज केला. मग गप्प झाल्या.

चहा झाल्यावर मी विंचकडे निघालो, आणि जाता जाता सहज वरच्या मोठ्या कप्पीत दोर नीट बसलाय का हे चाचपायला हात वर केला.

“थांब!”

तो आवाज मी त्यांचा कधीच ऐकला नव्हता. दाराबाहेरची माझी मुलगी दचकून आईला बिलगली. अण्णा जवळ आले आणि त्यांनी त्यांचा डावा हात माझ्यासमोर धरला. त्यांच्या डाव्या करंगळीला वरचं पेर नाही. ते मला जन्मापासून माहीत होतं, इतकं की ते दिसायचंही बंद झालं होतं. घरात त्याबद्दल एवढंच सांगितलं जायचं की मशीनमध्ये गेलं.

“मशीन न्हवती,” ते म्हणाले. “कप्पी हुती. असाच हात लावला. दोर हलला बी न्हाई, दोन इंच सरकला असंल.” त्यांनी दोर आणि कप्पीच्या चाकामधली फट दाखवली. “बोट हितं जातंय.”

मी जन्मलो त्याच्या आदल्या ऑफ-सीझनची ती गोष्ट. वरून ओरडणारे दोघं होते, एक म्हणाला उचल, एक म्हणाला थांब, आणि विंचवरच्या माणसाला पहिलाच ऐकू गेला. त्यांनी हे इतक्या सरळ सांगितलं की मला काय बोलावं ते सुचेना. चाळीस वर्षं त्या हाताच्या कष्टाचा घास मी खाल्ला होता, आणि विचारलं नव्हतं.

त्यानंतर फेरे मोजत टप वर गेला. फेरे मोजायचे असतात हे मला माहीत नव्हतं. अण्णा मोजत होते. पूर्ण वर गेल्यावर चार कोपऱ्यांना चार आखूड साखळ्या अडकवल्या आणि विंच अर्धा फेरा सैल केला, म्हणजे भार दोरांवरून साखळ्यांवर गेला. महिनोन्महिने टांगलेलं वजन दोरावर ठेवायचं नाही. दोर उचलायला, साखळी धरायला. मग त्यांनी कानावरची सुताराची पेन्सिल काढून विंचशेजारी भिंतीवर लिहिलं: ४३.

“पुढच्या बारीला ४३ लागले तर सगळं जिथल्या तिथं. कमी-जास्त लागले तर का, ते बघायचं.”

ऑक्टोबरच्या शेवटी, ते दोघं परत जायच्या आधीच्या आठवड्यात, आम्ही मिळून टप उतरवून गाडीवर बसवला. कडेखालची फोमची पट्टी मी त्यावेळी नवी लावली, कारण चपटी झालेली पट्टी पाणी आत सोडते. ताडपत्री गुंडाळून वर टांगली. तिचं वजन एवढं कमी की विंचची गरजच नाही. त्या हिवाळ्यात मी कितीतरी रात्री दिवे घालवायच्या आधी गॅरेजमध्ये डोकावून वर बघायचो, आणि वर फक्त ताडपत्री आहे हे माहीत असूनही बघायचो. पुढच्या उन्हाळ्यात टपच वर होता तेव्हा तर रोज. टांगलेली वस्तू कपाटात ठेवून दिल्यासारखी नसते. ती प्रत्येक क्षणाला कुणीतरी धरून ठेवलेली असते, आणि ते कोण, हे मला आता बोल्टागणिक माहीत होतं.

आता आवाज माझ्या बायकोचा असतो. विंचजवळून मला पुढचे दोनच कोपरे दिसतात, तिला चारही. ती मुंबईत वाढलेली, कारखाना तिने कधी बघितला नाही, पण ‘हाबेस’ आणि ‘आरिया’ ती असं म्हणते की शेजारचे गृहस्थ एकदा हे कुठलं गाणं आहे म्हणून विचारायला आले होते. खांदा दुखावलेला मित्रही एकदा बघायला आला. टप वर जाईपर्यंत तो दारात उभा राहिला, मग त्याने हात वर करून टपाची खालची कड चाचपली. त्याचा हात पूर्ण वर गेला. मी ते बघितलं.

अण्णा आता ७८ वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे इतका लांबचा प्रवास जमत नाही. भिंतीवर त्यांच्या ४३ खाली माझे आकडे आहेत, दर वसंतातला एक: ४३, ४४, ४४, ४५, ४६. दोर लांबत जातो, त्यामुळे फेरे वाढतात. हे मी त्यांना फोनवर सांगायचो आणि ते “हूं” म्हणायचे. यंदा एप्रिलमध्ये रिकामे दोर खाली घेताना बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. चारही दोर बाकी गुळगुळीत होते. फक्त एका जागी त्यांच्यावर बारीक तंतू उभे राहिले होते, मोठ्या कप्पीवरून वळायची जी जागा, तिथेच.

फोटो पाठवला. दहा मिनिटांत फोन आला. सर्वात जास्त उसवलेला एकच दोर बदलावा असा माझा विचार होता.

“चारी बदल,” ते म्हणाले. “एक नवा, तीन जुनं म्हणजे नवा लांबत जाणार, जुनं तसंच राहणार. टप एका अंगाला पडंल.”

चारही बदलले, पॉलिएस्टरचे, एकाच गुंडाळीतून मोजून कापलेले. टप लावायच्या आधी त्या पट्ट्यांवर वाळूच्या पोत्यांचं तेवढंच वजन दोन दिवस टांगून ठेवलं, म्हणजे पहिला ताण पोत्यांवरच निघून जावा. शनिवारी सकाळी टप वर घेतला. प्लग काढला होता. चार बोटांवर थांबून चहा झाला. साखळ्या लावल्या, विंच सैल केला, भिंतीवर आकडा लिहिला, आणि लगेच फोन केला. तिकडे रात्रीचे साडेआठ झाले होते, जेवणं उरकली होती.

“किती?” त्यांनी विचारलं.

“४२.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. आईने मागून भांडी लावल्याचा आवाज येत होता.

“एक कमी का आला?”

मी म्हटलं नवा दोर आहे, अजून लांबला नसेल.

“पहिलाबी नवाच हुता की. त्याला ४३ लागलं हुतं.”

मी वर बघितलं. टप सपाट होता. चारही साखळ्या ताठ होत्या. गाडी अजून बाहेर अंगणातच उभी होती.

“फोन ठेवू नका,” मी म्हटलं, आणि शिडी परत लावली.